घारीची भेसळ

काचघरात घार शिरली की टोमॅटोची रोपं पोट आत घेऊन सरळ उभी राहतात, असं तिच्या हाताखाली काम करणारी चिमणी म्हणायची. चिमणीला बोलायला निमित्त लागत नसे आणि तिचं बोलणं कुणी फारसं मनावरही घेत नसे. पण हे एक तिचं म्हणणं आजवर कुणी खोडून काढलं नव्हतं.

घार हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते तिच्या डोळ्यांनी कमावलेलं होतं. बियाणं तयार करणाऱ्या त्या मळ्यावर ती भेसळ काढणाऱ्या बायांची म्होरकी होती. भेसळ काढणं म्हणजे काय, तर बी विकणाऱ्याची सगळी पत एका गोष्टीवर उभी असते: पाकिटावर जे चित्र, तेच झाड उगवलं पाहिजे. म्हणून बियाण्यासाठी लावलेल्या रांगांमधून बाया ऊन पाठीशी घेऊन चालतात, म्हणजे पानाचा खरा रंग दिसतो. जे रोप बाकीच्यांसारखं नाही ते मुळासकट उपटतात आणि पोत्यात टाकतात. पान जरा रुंद असो, खोडाला जांभळी झाक असो, शेंडा उगाच उंच गेलेला असो. ते रोप चांगलं की वाईट, हे कुणी विचारत नाही. वेगळं आहे ना, मग गेलं. शंका आली, तरी गेलं.

या कामात घारीचा हात धरणारं कुणी नव्हतं. मळ्याची स्वतःची एक जुनी टोमॅटोची जात होती, तिला सगळे ‘घरची’ म्हणत. गुळगुळीत पान, पातळ साल, चपटं गोल फळ. ही जात इतकी वर्षं जशीच्या तशी राहिली ती घारीमुळे, हे मळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. नवी बाई कामावर आली की चिमणी तिला सांगे, “घारताईच्या रांगेत भेसळ दाखव आणि माझी वेणी कापून ने.” चिमणीची वेणी अजून जागच्या जागी होती. घार हे ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण तिची मान त्या दिवशी जरा जास्तच ताठ असे.

मग त्या मोसमात पांढरी माशी आली.

माशी तशी दरसाल यायची आणि जायची. या खेपेला ती मुक्कामालाच आली. रोपाला हात लागला की पानांखालून पिठाची चिमूट उडावी तशी उडायची आणि हात बाजूला होताच पुन्हा बसायची. पानं मुरडली, शेंडे आखडले, फळांवर चिकटा धरला. फवारण्या झाल्या, पिवळे चिकट कागद टांगून झाले, दारांना बारीक जाळ्या लावून झाल्या. माशी थोडी दबे आणि मग जावयासारखी हक्काने परत येई.

“घारताई स्वतःच्या नाकावर माशी बसू देत नाही,” चिमणी म्हणाली, “पण हे झाडांना शिकवायचं राहूनच गेलं.”

बाया हसल्या. घार हसली नाही.

मळ्याचा व्यवस्थापक भला माणूस होता, पण त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतंच. त्याने सगळ्यांना बी सुकवायच्या पडवीत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “घरचीची तीन काचघरांतली रोपं जाळून टाकावी लागली. आता एकच उरलंय. मोसम संपेपर्यंत या माशीपुढे टिकेल असं घरचीचं एक तरी झाड मला दाखवा. नाही मिळालं, तर पुढच्या मोसमापासून घरची बंद. बाहेरून तयार जात आणू.”

‘बंद’ हा शब्द घारीच्या जिव्हारी लागला. माणसाला आपलं नाव पुढे चालवायला काहीतरी लागतं. कुणाचं घर असतं, कुणाचं दुकान. तिचं नाव त्या गुळगुळीत पानांवर लिहिलेलं होतं आणि ते आता पुसलं जाणार होतं.

टिकणारं झाड शोधायचं काम पडलं तिच्या लेकीवर. लेक शिकून त्याच मळ्यावर परीक्षणाच्या खोलीत लागली होती. तिथे भिंग होतं, बियांचे ट्रे होते, पांढरा डगला होता. तो डगला घालून ती पहिल्यांदा आली तेव्हा चिमणीने तिला ‘डॉक्टरीणबाई’ करून टाकलं होतं, आणि घारीने त्या दिवशी सगळ्या बायांना आपल्या हाताने चहा करून पाजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक काचघराच्या दारात उभी राहिली.

“आजपासून वेगळं रोप दिसलं तर उपटू नका,” ती म्हणाली. “मला हाक मारा.”

सगळ्या बायांनी एकदम घारीकडे पाहिलं. सुताराला कुणी रंधा मारू नको म्हणावं, तसं झालं.

“का गं?” घारीने विचारलं.

“घरची सगळी एकसारखी आहे, आई. आणि सगळी एकसारखीच मरतेय. मला जरा वेगळं काहीतरी हवंय.”

“आईने एकसारखी ठेवली म्हणून मरतेय, असं सरळ म्हण ना.”

“मी असं म्हटलंय का?”

“म्हटलं नाहीस. पण बोलण्याच्या मागून चालत आलं ते.”

“आई, तू निवडून ठेवलीस म्हणून तर घरची आहे. पण आता मला तुझे डोळे हवेत आणि तुझे हात नकोत. एवढंच.”

“डॉक्टरीणबाई,” चिमणी मध्ये पडली, “आमचे डोळे आणि हात एकाच गाडीला जुंपलेत. एक इकडे, एक तिकडे, असं चालायचं नाही ते.”

“चालेल,” घार म्हणाली. लेकीसमोर तिने शब्द दिला. “दिसलं की हाक मारीन.”

आणि तिने तो मनापासून दिला होता. पण हाताला शब्द कळत नाही.

बाया आता माशीने गेलेली रोपं तेवढी काढत होत्या. अर्धी रांग झाली असेल. घार आपल्या चालीने चालली होती, डोक्यात सकाळचंच बोलणं घोळत होतं. तुझे हात नकोत म्हणे. याच हातांनी तुला वाढवलं. असं मनाशी चाललेलं असताना तिच्या उजव्या हाताने एक रोप बुडाशी धरलं, एक हिसका दिला, मुळाची माती झटकली आणि रोप पोत्यात टाकलं. डोळ्यांनी पाहिलं होतं, हाताने उपटलं होतं. डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं. रांगेच्या टोकाला सगळ्यांनी आपापली पोती बाहेरच्या ढिगावर ओतली, तेव्हा घारीने हात पुसायला पदर धरला आणि थबकली.

दोन्ही हात चिकट होते. सगळ्या रांगेत रोपांना हात लागून तळवा चिकट्याने माखायचा. त्यात नवं काही नव्हतं. उजव्याला मात्र काहीतरी मऊ लागल्याची आठवण होती. मांजराच्या कानासारखं.

“मेले,” घार म्हणाली.

“काय झालं?” चिमणीने विचारलं.

“उपटलं मी. लवेचं होतं. मिशाळ.”

मिशाळ म्हणजे काय ते चिमणीलाही ठाऊक होतं. अधूनमधून घरचीत असं एखादं रोप निघायचं. पानाखोडावर दाट लव, लांबून धूळ बसल्यासारखं दिसायचं. भेसळीतली सगळ्यात सोपी भेसळ. नवशिकीलाही दिसेल अशी.

“आता?” चिमणी म्हणाली.

ढिगाला काडी लावायची वेळ झाली होती. रोगट रोपं पडून राहिली तर माशी पसरते, म्हणून रांग संपली की ढीग पेटवायचाच, असा नियम. काडेपेटी घेतलेला गडी तिकडून येत होता. घारीने त्याच्याकडे न बघता हात वर केला, “थांब रे,” आणि ती गुडघ्यांवर बसून त्या ढिगात शिरली. बाहीपर्यंत चिकटा, केसांत माशा, नाकातोंडात माशा. ज्या बाईने आयुष्यभर भेसळ फेकली, ती फेकलेल्या भेसळीत हात घालून शोधत होती, आणि तिच्या बाया गोल करून बघत होत्या. दुसरी कुणी असती तर चिमणीने तिला सोडलं नसतं. पण चिमणीनेही पदर खोचला आणि ती दुसऱ्या बाजूने ढीग उकरू लागली.

सापडलं ते घारीलाच. मुळं सुकली होती, खोड पिचलं होतं. पण ढिगातलं प्रत्येक रोप हलवलं की पीठ उडत होतं, आणि या रोपातून काही उडालं नाही. घारीने पान उलटं करून पाहिलं. लवेच्या टोकांवर एक-दोन माशा पाय अडकून मेलेल्या होत्या. पानापर्यंत एकही पोचली नव्हती.

तिने ते रोप दोन्ही हातांवर घेतलं आणि तशीच परीक्षणाच्या खोलीत गेली.

“हाक मारायची होती ना गं,” लेक म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

“हात आधी गेला. शब्द मोडला मी. मला काय बोलायचं ते मागाहून बोल, आधी हे वाचव.”

लेकीने लगेच रोप हातात घेतलं. टोमॅटोचा एक गुण आहे, फांदीही मूळ धरते. तिने पानाच्या बगलेतले फुटवे धारदार पात्याने कापले, काही पाण्यात ठेवले, काही ओल्या मातीत खोचले. रोप गेलं. फुटवेही एकेक करून माना टाकत गेले. खोलीत काम नसताना घार काहीतरी सबब काढून तिकडे डोकावायची. शेवटी खिडकीतल्या पेल्यात दोनच तग धरून राहिले, आणि एका सकाळी त्यांच्या बुडाला पांढरे दाणे दिसले. मुळं फुटली होती.

त्या संध्याकाळी मायलेकी आपल्या दोन खोल्यांच्या घरात जेवायला बसल्या. लेकीचा राग मावळला होता, आणि घारीच्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत होता.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “माशी येणार हे या रोपाला कळलं कसं? आधीच लव काढून कसं बसलं?”

“कळलं नाही त्याला. बीमध्ये आईबापाची नक्कल उतरते ना, ती उतरवताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. कुणाची गरज बघून चुकत नाही. असंच चुकतं. असं रोप आधीही आलं असेल.”

“असेल काय, आलंच होतं. मीच उपटलंय कितीदा.”

“बरोबरच केलंस. माशी नव्हती तेव्हा त्याचा काय उपयोग होता? फळ उशिरा येतं, लहान येतं. तेव्हा ते वाईटच होतं.”

“मग चांगलं कधी झालं?”

“माशी आली तेव्हा.”

“रोप तेच?”

“रोप तेच.”

घारीने घास तसाच हातात धरला. “आणि तू शिकत होतीस तेव्हा मोठमोठ्याने घोकायचीस ते? चांगले बदल होत गेले आणि जीव पुढे सरकत गेले?”

“ते अर्धंच आहे,” लेक म्हणाली. “बदल नुसता येतो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही की सुधारत नाही. कधी रोप बीमध्येच मरतं. एखादा कामाला येतो, तोही त्या दिवसांपुरता. पण बदल कुणाला ओढून पुढे नेत नाही. कुणाचं बी जास्त उरणार, ते बाहेरचं जग ठरवतं. थंडी ठरवते, पाणी ठरवतं, आपल्याकडे माशी ठरवतेय. बदलच नसेल तर ठरवायला काही राहत नाही, आणि ठरवणारं कुणी नसेल तर बदल नुसताच पडून राहतो.”

घारीने ताटातलं सगळं संपवलं, हात धुतला, आणि मग भिंतीला टेकून म्हणाली, “म्हणजे माशी भेसळ काढते.”

“काय?”

“रांगेतून चालते. एकेक पान बघते. नको ते काढते. फक्त तिच्या लेखी आपली घरची ही भेसळ आहे.”

“आई, हे मी साहेबांना असंच्या असं सांगणार.”

“सांग. पण कुणी सांगितलं, तेही सांग.” घारीची मान ताठ झाली होती. “मला वाटत होतं मी नुसती रोपं उपटते. जगात एवढी जनावरं, झाडं झाली, त्यातलं निम्मं काम माझ्या धंद्याचं आहे म्हणजे!”

“आणि नशिबाचंही थोडं आहे हं. काडीवाला जरा आधी आला असता, तर एवढं कामाचं रोप धूर होऊन गेलं असतं. चांगलं असलं म्हणून टिकतंच असं नाही.”

“नशिबाला माझे गुडघे लागले,” घार म्हणाली, “ते मोज.”

मोसम संपत आला तेव्हा व्यवस्थापक शेवटच्या काचघरात आला. लेकीने मिशाळाची दोन झाडं मुद्दाम सगळ्यात सडक्या रांगेत, माशीच्या ऐन गर्दीत उभी केली होती. आजूबाजूची रोपं काळपट, मुरडलेली. मध्ये ही दोन धुळकट अंगाची, पण शेंडे वर. बाया दाराशी दाटीवाटीने उभ्या होत्या. लेकीने काठीने सगळी रांग हलवली. पांढरा लोट उठला, हवेत फिरला, आणि पुन्हा आपापल्या पानांवर बसला. त्या दोन झाडांना चुकवून बसला. एक माशी लवेवर उतरली, चाचपडली आणि उडाली.

व्यवस्थापक वाकून बघत राहिला. त्याने भिंग मागून घेतलं, पानं उलटीपालटी केली, घाई केली नाही. मग म्हणाला, “फळ लहान आहे.”

“हो,” लेक म्हणाली.

“उशिराही येतंय.”

“हो. माशी नसेल त्या साली हे झाड घरचीपुढे मागे पडेल. मी लपवत नाही. पण या साली घरचीचं टिकलेलं झाड एवढंच आहे, आणि ते घरचीच्याच बीतून आलंय. बाहेरून आणलेलं नाही.”

“हे सापडलं कसं?”

लेक उत्तर द्यायच्या आत घार पुढे झाली. “मी उपटलं, साहेब. मग ढिगातून काढलं. दोन्ही मीच.”

व्यवस्थापक हसला. “म्हणजे ओरडायचं पण तुम्हालाच आणि शाबासकी पण तुम्हालाच.”

“ओरडून झालंय घरी,” घार म्हणाली. “शाबासकी तेवढी राहिलीय. ती लेकीला द्या. मला रोप दिसतं, तिला ते का तसं आहे हे दिसतं. माझ्या पोटी माझ्याहून लांबचं बघणारी निघाली. हाही बदल चांगलाच म्हणायचा.”

“त्या दिवसांपुरता!” जेवतानाचं ते बोलणं घारीकडून ऐकलेली चिमणी दारातून ओरडली, आणि काचघर हसण्याने दुमदुमलं. लेक लाजून लाल झाली.

“घरची राहील,” व्यवस्थापक म्हणाला. “याचंच बी धरा. पण पाकिटात घालायचं तर रांग एकसारखी पाहिजे. सगळी लवेची. ते काम कुणाचं, हे मी सांगायला नको.”

घारीने मान हलवली. त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं नाही, आपण कशाला हो म्हणालो ते. ते ध्यानात आलं पुढच्या मोसमात.

सगळी लेकरं काही आईवर जात नाहीत. मिशाळाचं बी पेरलं. काही उगवलंच नाही, बरीचशी रोपं लवेची निघाली, आणि मध्येमध्ये, अगदी जुन्या तोंडवळ्याची, गुळगुळीत पानांची घरची उभी राहिली. तिला कुणी हात लावण्याआधी घारीने त्यातली चार कुंड्यांत काढायला लावली आणि बारीक जाळीच्या छोट्या काचघरात ठेवली. “माशी जाईल तेव्हा यांचे दिवस येतील,” ती लेकीला म्हणाली, “तेव्हा शोधत कुठे फिरशील?” लेकीच्याही मनात तेच होतं. पण मोठ्या काचघरातली रांग तशी ठेवता येणार नव्हती. तिथे माशी होती, पाकीट होतं, आणि दिलेला शब्द होता.

भेसळ काढायच्या पहिल्या दिवशी बाया रांगेत उभ्या राहिल्या आणि कुणीच पाऊल टाकेना. पलीकडच्या टोकाला लेक डगल्याच्या खिशात हात घालून उभी होती. आता गुळगुळीत रोपं उपटा, हे सांगायचं काम तिचं नव्हतं.

घार पुढे झाली. लवेचं रोप, लवेचं रोप, पुन्हा लवेचं. मग पहिलं गुळगुळीत आलं. काय देखणं होतं! पान असं की पाण्याचा थेंब घरंगळून जावा. याच पानासाठी तिने आयुष्यभर बाकी सगळी पानं उपटली होती.

“घारताई,” चिमणी हळू आवाजात म्हणाली, “हे तर अगदी...”

“दिसतंय मला.”

घारीने रोप बुडाशी धरलं. या वेळी हात आपसूक गेला नाही, तिने तो नेला. एक हिसका दिला, मुळाची माती झटकली, रोप उन्हाकडे धरून एकदा नीट पाहून घेतलं, आणि पोत्यात टाकलं. मागे उभ्या असलेल्या बायांपैकी कुणीतरी सुस्कारा सोडला.

“जिवावर आलं का गं?” चिमणीने विचारलं. चिडवायला नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“आलं,” घार म्हणाली. “पण हात चुकला नाही.”

तिने पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. लेकीने खिशातून हात काढले होते. घारीने पोतं खांद्यावर नीट केलं, मान ताठ केली आणि पुढचं रोप पाहिलं. त्याच्या पानांवर लव होती. ते राहिलं.